सावज कोणाचे? : इंग्रजीतील हिंस्रतेच्या शब्दसंपदेची ओळख

मराठीत ‘सावज’ म्हणजे ज्याची शिकार व्हायची आहे ते जनावर. गुजरातीत ‘सावज’ म्हणजे सिंह, म्हणजेच जे शिकार करते ते जनावर. या दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृतातील ‘श्वापद’ या एकाच शब्दाकडे नेले जाते. त्याचा शब्दशः अर्थ कुत्र्यासारखे पाय असलेले जनावर असा असून, रूढ अर्थ मात्र रानातले मांसाहारी जनावर असा आहे. मराठीने या शब्दाकडे शिकाऱ्याच्या नजरेने पाहिले, त्यामुळे ज्याच्या मागावर माणूस निघतो ते सावज ठरले. गुजरातीने त्याकडे गीरच्या परिसरातील गुराख्याच्या नजरेने पाहिले, त्यामुळे ज्याच्या चाहुलीने गुरे बिथरतात ते सावज ठरले. हिंस्रतेचे शब्द प्राण्याविषयी जेवढे सांगतात, त्याहून अधिक ते पाहणारा कोठे उभा आहे हे सांगतात, आणि हेच सूत्र इंग्रजीतील अशा शब्दांचा अभ्यास करताना हाताशी ठेवण्याजोगे आहे.

सुरतेच्या उधना भागापलीकडे डिंडोलीला लागून असलेल्या नवागामात ही गोष्ट केवळ कोशातली राहत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतून कापडाच्या धंद्यासाठी आलेल्या कुटुंबांनी वसलेल्या या वस्तीत घरात मराठी किंवा अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी, आणि शाळेच्या पुस्तकात इंग्रजी अशा भाषा एकाच दिवसात एकाच मुलाच्या कानावर पडतात. ज्या तापीच्या खोऱ्यातून सुरत–भुसावळ लोहमार्गाने ही माणसे आली, त्याच खोऱ्यात बिबट्या, तरस आणि लांडगा यांची नावे प्रत्येक बोलीत वेगळी आहेत : मराठीतला बिबट्या गुजरातीत ‘दीपडो’ होतो, लांडगा ‘वरु’ होतो, तरस ‘झरख’ होतो, वाघ मात्र वाघच राहतो. अशा ठिकाणी वाढणाऱ्या विद्यार्थ्याला शब्दाचा प्रतिशब्द सहज सापडतो. त्या शब्दामागची नजर मात्र बदललेली असते, आणि ती ओळखणे हेच खरे अवघड काम असते. प्रस्तुत विवेचन अशा वाचकाला समोर ठेवून केले आहे, मग तो नवागामातला असो, नंदुरबारचा असो किंवा पुण्याचा.

प्रथम मराठीच्या पदरी काय आहे हे पाहणे योग्य ठरेल. मराठीतील हिंस्रतेची विशेषणे बहुतांशी संस्कृतातून आलेली आहेत : ‘हिंस्र’ हे ‘हिंस्’ म्हणजे इजा करणे या धातूपासून, ‘भीषण’ हे पाहणाऱ्याच्या मनात उठणाऱ्या भीतीपासून, तर ‘क्रूर’ हे रक्ताळलेल्या, कच्च्या मांसाच्या कल्पनेपासून. परंतु गावात, शेतात आणि बाजारात बोलली जाणारी मराठी या विशेषणांवर फारशी अवलंबून नसते. तिचा भर क्रियापदांवर असतो. वाघ चवताळतो, कुत्रा पिसाळतो, रेडा खवळतो, साप डूक धरतो, हत्ती माजतो. यांपैकी प्रत्येक शब्दात काहीतरी घडल्याची सूचना आहे, कोणीतरी डिवचल्याची, रोग जडल्याची किंवा ऋतू बदलल्याची. या दृष्टीने बोलीतली हिंस्रता हा प्राण्याचा कायमचा स्वभाव नसून त्याच्यावर आलेली वेळ असते. इंग्रजीत मात्र हा भार मुख्यतः विशेषणांकडे गेला आहे, आणि विशेषण एकदा चिकटले की ते सहसा सुटत नाही. जनावर शांत झोपलेले असले तरी ते ‘फेरोशस’च राहते.

इंग्रजीतील या विशेषणांची संख्या मोठी असण्याचे कारण त्या भाषेच्या इतिहासात आहे. सन 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकारभार, न्यायालये आणि सरदारांची शिकार यांची भाषा फ्रेंच झाली, तर शेतकरी आणि गुराखी यांच्या तोंडी जुनी इंग्रजी राहिली. पुढे विद्येच्या मार्गाने लॅटिनचा तिसरा थर त्यावर चढला. त्यामुळे ‘हंट’, ‘वुल्फ’, ‘वाइल्ड’, ‘ग्रिम’ हे आखूड शब्द जुन्या इंग्रजीचे, ‘फिअर्स’, ‘सॅव्हेज’, ‘प्रे’ हे फ्रेंचमधून आलेले, आणि ‘कार्निव्होर’, ‘व्होरेशस’, ‘प्रिडेटर’ हे विद्वानांनी थेट लॅटिनमधून उचललेले, अशी त्यांची सर्वसाधारण विभागणी करता येते. मराठीत ‘रानटी’, ‘जंगली’ आणि ‘वन्य’ हे तीन शब्द जसे देशी, रुळलेला आणि संस्कृत अशा तीन वेगवेगळ्या पोशाखांत वावरतात आणि एकमेकांच्या जागी बसवले तर खटकतात, तसेच या इंग्रजी शब्दांचे आहे. शेतकऱ्याच्या तोंडी ‘वन्य श्वापद’ जितके अवघडलेले वाटेल, तितकाच कथेतल्या धनगराच्या तोंडी ‘प्रिडेटर’ हा शब्द इंग्रज वाचकाला परका वाटतो.

या विशेषणांच्या मुळाशी गेल्यास प्रत्येकाची नजर वेगळी दिसते. ‘फिअर्स’ हा शब्द लॅटिन ‘फेरुस’ म्हणजे रानटी, न माणसाळलेला, यापासून आला. त्याच मुळाला पाहण्याचा किंवा दिसण्याचा अर्थ असलेला प्रत्यय लागून ‘फेरोक्स’ झाले आणि त्यापासून ‘फेरोशस’ घडला, म्हणजे मुळात ज्याची मुद्राच रानटी दिसते तो. ‘अट्रोशस’ हा शब्दही याच घडणीचा असून त्याचा मूळ भाव काळवंडलेल्या, भेसूर मुद्रेचा आहे. ‘सॅव्हेज’ची वाट ‘सिल्वा’ म्हणजे अरण्य या शब्दातून येते. जो अरण्यात राहतो तो क्रूर, असा निवाडा त्या शब्दाने प्रवासात कधीतरी करून टाकला, आणि मराठीत ‘रानटी’ या शब्दाचेही नेमके असेच झाले आहे. ‘व्हिशस’ हा ‘व्हाइस’ म्हणजे दुर्गुण यापासून निघाला असल्याने त्यात नैतिक दोषाचा वास आहे. चावणाऱ्या कुत्र्याला तो लावला जातो तेव्हा कुत्र्याने जणू पाप केले आहे असे सूचित होते. ‘ब्रूटल’चे मूळ जड, मंदबुद्धी असा अर्थ असलेल्या ‘ब्रूटुस’मध्ये आहे. आणि ‘क्रूएल’ हा तर मराठी वाचकाचा दूरचा नातेवाईकच म्हणावा लागेल, कारण त्याचा लॅटिन पूर्वज ‘क्रूडुस’ आणि संस्कृत ‘क्रूर’ हे दोन्ही कच्चे, रक्ताळ मांस सुचवणाऱ्या एकाच प्राचीन मुळापासून फुटले असल्याचे भाषाशास्त्र मानते; ‘रॉ’ म्हणजे कच्चा हा साधा इंग्रजी शब्दही त्याच कुळातला.

भुकेशी संबंधित शब्दांचा गट वेगळा धरावा लागतो, कारण त्यांत राग नसतो, केवळ ओढ असते. ‘व्होरेशस’ म्हणजे गिळंकृत करणारा. ‘डिव्हाउअर’ हे क्रियापद आणि ‘कार्निव्होर’ या शब्दाचा उत्तरार्ध गिळणे या अर्थाच्या त्याच लॅटिन धातूचे आहेत. ‘रॅव्हेनस’ म्हणजे भुकेने वखवखलेला. त्याचा ‘रेव्हन’ या मोठ्या कावळ्याशी संबंध असावा असे अनेकांना वाटते, पण तो केवळ अक्षरांचा योगायोग आहे. त्याचे मूळ हिसकावून घेणे या अर्थाच्या लॅटिन धातूत असून ‘रॅपेशस’ म्हणजे हावरट, लुबाडणारा, आणि ‘रॅप्टर’ म्हणजे पंजाने उचलून नेणारा शिकारी पक्षी हे त्याचेच भाऊबंद आहेत. इंग्रजीत भुकेल्या माणसाला गमतीने ‘रॅव्हेनस’ म्हणता येईल, परंतु ‘रॅपेशस’ म्हटले तर त्याच्यावर लुटीचा आरोप होतो. दोन्ही शब्द कोशात ‘अधाशी’ या एकाच प्रतिशब्दाखाली आले तर हा फरक विद्यार्थ्याच्या हातून निसटतो.

लूट हा धागा ‘प्रिडेटर’ या शब्दात सर्वाधिक स्पष्ट आहे, आणि खानदेशी वाचकाने तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. लॅटिन ‘प्रेडा’ म्हणजे युद्धातली लूट. तिच्यापासून फ्रेंचमार्गे ‘प्रे’ म्हणजे भक्ष्य आले आणि थेट लॅटिनमधून ‘प्रिडेटर’ म्हणजे लुटारू आला. प्राण्यांसाठी हे नाम शास्त्रीय लेखनात रूढ झाले ते विसाव्या शतकात. त्यापूर्वी ‘प्रिडेटरी’ हे विशेषण पशूंइतकेच माणसांनाही लावले जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी कागदपत्रांत ते पेंढाऱ्यांच्या टोळ्यांना सर्रास चिकटलेले आढळते, आणि सन 1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आल्यावर सातपुड्याच्या डोंगरांतील भिल्लांकडेही याच नजरेने पाहिले गेले. सन 1825 मध्ये जेम्स औट्रम याने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. तोच अधिकारी वाघांचा नामांकित शिकारी म्हणूनही ओळखला गेला. वाघ आणि डोंगरातला माणूस हे दोघेही एकाच वर्णनाखाली आले, कारण वर्णन करणाऱ्याच्या दृष्टीने दोघेही त्याच्या महसुलाच्या वाटेत उभे होते. पुढे सन 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले तेव्हा ही विशेषणांची सवय कायद्याच्या कलमांपर्यंत पोहोचली. आज हा शब्द फिरून माणसांकडे आला आहे : बालकांवर अत्याचार करणारा ‘प्रिडेटर’, प्रतिस्पर्ध्याला बुडवण्यासाठी मुद्दाम पाडलेला भाव ‘प्रिडेटरी’, कर्जदाराला पिळून काढणारे कर्ज ‘प्रिडेटरी’. या तिन्ही ठिकाणी ‘भक्षक’ हा प्रतिशब्द कमी पडतो आणि ‘लुटारू’ हा जुना अर्थच अधिक जवळचा ठरतो. मराठी वाचकाने आणखी एक खबरदारी घ्यावी : देवनागरीत लिहिल्यावर भक्ष्य या अर्थाचा ‘प्रे’ आणि प्रार्थना करणे या अर्थाचा ‘प्रे’ एकच दिसतात, उच्चारानेही ते एकच आहेत, मुळाने मात्र त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही.

विशेषणांच्या तुलनेत शिकारीच्या क्रियापदांत दोन्ही भाषा एकमेकींच्या अधिक जवळ येतात, कारण तेथे मत देण्यापेक्षा पाहणे महत्त्वाचे असते. शिकार ही एक क्रमाने घडणारी क्रिया आहे आणि प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र शब्द आहे. जनावर भक्ष्याच्या शोधात हिंडते, ते ‘प्राउल’. आडोशाला लपून राहते, ते ‘लर्क’. आवाज न करता मागे मागे जाते, ते ‘स्टॉक’, आणि हे क्रियापद चोरणे या अर्थाच्या ‘स्टील’शी नाते सांगते. मराठीतही हीच प्रतिमा ‘चोरपावलांनी’ या शब्दात आहे, आणि दोन भाषांनी एकमेकींकडून काहीही न घेता सारखेच पाहिल्याचा हा सुरेख पुरावा आहे. ‘अँबुश’ म्हणजे झुडपात दडून टाकलेला घाला. त्या शब्दात झाडी आहे, तर ‘दबा धरणे’ या मराठी प्रयोगात जमिनीला चिकटलेले शरीर आहे. ‘पाउन्स’ हा शब्द मुळात ससाण्याच्या नखीचे नाव होता, पुढे त्याचे क्रियापद झाले. ‘झडप घालणे’ हा मराठी प्रयोगही घार आणि ससाणा यांच्याकडूनच बिबट्याकडे गेलेला भासतो. ‘मॉल’ म्हणजे पंजांनी आणि दातांनी जबर जखमी करणे. हा शब्द हातोड्याच्या नावावरून आला असल्याने त्यात ओरबाडण्यापेक्षा ठेचण्याचा भाव आहे, आणि त्यात मृत्यू गृहीत नाही. वृत्तपत्रांत ‘मॉल’चे भाषांतर ‘फाडून खाल्ले’ असे झाले तर जिवंत माणूस मेलेला ठरतो. ‘फडशा पाडणे’ याला जुळणारा शब्द ‘डिव्हाउअर’ होय.

आवाजाच्या बाबतीत मराठी अधिक बारकाईने बोलते. वाघाची डरकाळी, सिंहाची गर्जना, कोल्ह्याची कोल्हेकुई, सापाचा फुत्कार, मांजराचे फिस्कारणे आणि कुत्र्याचे गुरगुरणे यांत आवाजाबरोबर प्राणीही ओळखू येतो. इंग्रजीतील ‘रोअर’ मात्र वाघ, सिंह, समुद्र आणि क्रिकेटच्या मैदानातील गर्दी या सर्वांना सारखाच लागतो. याउलट ‘ग्राउल’ आणि ‘स्नार्ल’ यांत इंग्रजीने केलेला भेद मराठीत एका शब्दात येत नाही : पहिल्यात घशातून येणारा इशारा आहे, दुसऱ्यात ओठ मागे खेचून दाखवलेले दात आहेत. ‘दात विचकून गुरगुरणे’ असे तीन शब्द वापरले की तो अर्थ पूर्ण उतरतो, आणि असा साधा विस्तार हा बनावट प्रतिशब्दापेक्षा नेहमीच श्रेयस्कर असतो.

शब्दांचा हा व्यवहार एकतर्फी नाही, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘चीता’ हे इंग्रजी नाव हिंदुस्थानी भाषांमधून गेले असून त्याच्या मुळाशी ठिपक्यांचे चित्र ल्यालेले अंग दाखवणारा संस्कृत शब्द आहे. ‘जॅकल’ हा संस्कृत ‘शृगाल’ फारसी आणि तुर्कीच्या वाटेने युरोपात पोहोचल्यावर झालेला आकार आहे. आणि हिंदुस्थानातील गोड्या पाण्यातल्या मगरीला इंग्रजीत आजही ‘मगर’ याच नावाने ओळखतात. ‘लेपर्ड’ या नावात एक जुना गैरसमज दडलेला आहे, कारण तो प्राणी सिंह आणि ‘पार्ड’ या ठिपकेदार जनावराच्या संकरातून जन्मतो असे प्राचीन रोमन लोक समजत. ‘पँथर’ हे नाव हिंदुस्थानातील इंग्रजांनी बिबट्यालाच दिले, आणि येथील ‘ब्लॅक पँथर’ हाही काळ्या रंगाचा बिबट्याच होय. मराठीत बोलताना बिबट्याला पुष्कळदा ‘चित्ता’ म्हटले जाते, त्यामुळे भाषांतरात घोटाळा होतो. सन 1952 मध्ये भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झालेला आणि 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाहून मध्य प्रदेशातील कुनो येथे पुन्हा आणलेला चित्ता हा वेगळा प्राणी असून, जुन्नरच्या किंवा सुरत जिल्ह्यातल्या मांडवीच्या उसात दिसतो तो बिबट्या होय.

शब्दांच्या निवडीचा परिणाम प्राण्याच्या जिवावर होतो, याची जाणीव काही शिकाऱ्यांनाही झाली होती. जिम कॉर्बेट यांनी 1944 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुमाऊँच्या नरभक्षकांविषयीच्या पुस्तकात आरंभीच, वाघाला क्रूर आणि रक्तपिपासू म्हणण्याच्या लेखकांच्या सवयीवर आक्षेप घेतला, आणि जखमा किंवा म्हातारपण यांमुळेच बहुधा वाघ माणसाकडे वळतो असे प्रतिपादन केले. ‘मॅन-ईटर’ म्हणजे नरभक्षक हे त्यांच्या लेखी एका विशिष्ट जनावराच्या विशिष्ट परिस्थितीचे नाव होते, जातीचे नव्हते. महाराष्ट्रात हाच मुद्दा नव्या रीतीने पुढे आला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनी अकोले तालुक्यात केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दर चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसे राहत असलेल्या शेतीच्या प्रदेशात दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. माणसाशेजारी इतक्या जवळ राहणाऱ्या प्राण्याच्या प्रत्येक दर्शनाला ‘हल्ला’, ‘धुमाकूळ’ किंवा ‘दहशत’ म्हणायचे की ‘वावर’ म्हणायचे, हा प्रश्न त्यानंतर केवळ भाषेचा राहिला नाही. इंग्रजी वृत्तपत्रांतील ‘अटॅक’, ‘स्ट्रे’, ‘मेनेस’ आणि ‘कॉन्फ्लिक्ट’ हे शब्द याच कसोटीवर तपासावे लागतात : ‘स्ट्रे’ म्हणजे वाट चुकून आलेला, उसातच जन्मलेल्या आणि उसातच वाढलेल्या बिबट्याला तो शब्द लागू होत नाही.

याचा अर्थ हिंस्रतेचे शब्द टाळावेत असा नाही. दोन्ही भाषांनी त्यांचा गौरवासाठीही उपयोग केला आहे. ‘फिअर्स’ निष्ठेला लागतो, मातृप्रेमाला लागतो, चुरशीच्या सामन्यालाही लागतो. तेथे त्याचे भाषांतर ‘हिंस्र’ असे न करता ‘कडवी’, ‘प्रखर’ किंवा ‘अटीतटीचा’ असे प्रसंग पाहून करावे लागते. मराठीत ‘ढाण्या वाघ’ ही पदवी आहे, ‘लांडगा’ हा आरोप आहे आणि ‘कोल्हा’ ही निंदेत मिसळलेली दाद आहे. ज्याच्या तोंडी मेंढरे जातात तो लांडगा मेंढपाळाच्या देशात सहसा गौरवाला पात्र ठरत नाही, आणि ज्याच्यापुढे राजेही जपून असत तो वाघ कधीच निव्वळ निंदेला उतरत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या आणि उत्तर कोकणच्या आदिवासी पाड्यांत वाघाला ‘वाघोबा’ म्हणतात आणि शेंदूर लावलेल्या शिळेवर त्याची आकृती कोरतात. त्या ‘बा’ या आदराच्या प्रत्ययाला इंग्रजीत प्रतिशब्द नाही, कारण भीती आणि घरोबा एकाच वेळी व्यक्त करणारे नाव त्या भाषेला कधी हवेच झाले नाही. लांडगे सतराव्या–अठराव्या शतकापर्यंत ब्रिटनच्या भूमीवरून नाहीसे झाले होते, आणि तेथे वाघ केवळ परदेशातून आलेल्या वर्णनांत व पिंजऱ्यांत भेटत होता. शेजारी नसलेल्या प्राण्यासाठी घडलेली शब्दसंपदा विपुल असू शकते, पण ती शेजाऱ्याची नसते.

म्हणून या शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते : हा शब्द प्राण्याच्या कृतीविषयी बोलतो, भुकेविषयी की शीलाविषयी, तो कोणाच्या तोंडून प्रथम निघाला, लुटल्या गेलेल्याच्या, शिकाऱ्याच्या, गुराख्याच्या की प्राणिशास्त्रज्ञाच्या, आणि तो मराठीत आणताना बोलणाऱ्याची ती जागा टिकते की बदलते. नवागामातील घरांना हा तिसरा प्रश्न दरवर्षी दिवाळीच्या उंबरठ्यावर भेटतो. आश्विन वद्य द्वादशीला मराठी घरात वसुबारस असते आणि सवत्स गाईची पूजा होते. शेजारच्या गुजराती घरात त्याच तिथीला ‘वाघ बारस’ म्हणतात, आणि त्यातील पहिले पद मुळात ‘वाक्’ म्हणजे वाणी असावे असे मानणारेही आहेत. एकाच तिथीला एका भाषेने गाईच्या बाजूने नाव दिले, दुसरीने वाघाच्या, आणि त्या दोन नावांपैकी कोणतेही चूक नाही. ‘सावज’ या शब्दाने आरंभीच विचारलेला प्रश्न तोच आहे, आणि इंग्रजीतील पुढील प्रत्येक शब्द वाचताना तो पुन्हा विचारावा लागेल.